विरोधकाची चूक हाती लागली तेव्हा

वाचकाचे पत्र (संक्षिप्त): मी एका संस्थेच्या लेखा विभागात काम करतो. शेजारच्या टेबलावरचे सहकारी गेली सात वर्षे माझ्या ख्रिस्ती विश्वासाची टिंगल करत आले आहेत. दुपारच्या सुट्टीत ते पवित्र शास्त्रातली वाक्ये नाटकी सुरात म्हणून दाखवतात आणि बाकीचे हसतात. गेल्या वर्षी त्यांनी वरिष्ठांकडे तक्रार केली, की मी कामाच्या वेळेत धर्मप्रचार करतो. चौकशी झाली, तीत काहीही निघाले नाही; पण ते दोन महिने मी कसे काढले ते माझे मला ठाऊक. त्यांच्या भावाने काही वर्षांपूर्वी ख्रिस्ती विश्वास स्वीकारला आणि त्याच्या मंडळीच्या सांगण्यावरून तो वडिलांच्या अंत्यविधीलाही आला नाही, असे ऐकतो. पण त्यात माझा काय दोष? आता लेखापरीक्षण आठ दिवसांवर आले आहे आणि ताळमेळ घेताना मला दिसले, की त्यांनी एकच देयक दोनदा नोंदवले आहे. मी गप्प राहिलो तर ते पकडले जातील. मी खोटे काहीच करत नाही, फक्त गप्प राहतो. हा देवानेच केलेला न्याय नाही का? मंडळीतले एक वडीलधारे म्हणतात, अशी माणसे सैतानाची हस्तके असतात, पायांची धूळ झटकून मोकळे व्हा. दुसरे म्हणतात, दुसरा गाल पुढे करा आणि तक्रारीचे नावही काढू नका. मी काय करावे?

उत्तर:

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. बाकीचे प्रश्न थांबू शकतात, लेखापरीक्षण थांबणार नाही, म्हणून आधी त्या नोंदीविषयी लिहितो. ती दुहेरी नोंद तुम्ही त्यांना सांगावी. हे पत्र हाती पडेल त्याच्या दुसऱ्याच दिवशी सांगावी, आणि कोणी ऐकत नसताना सांगावी.

‘मी फक्त गप्प राहतो’ हे तुमचे वाक्य मला पटत नाही. ताळमेळ घेणाऱ्याला तफावत दिसली की ती दाखवून देणे हेच त्याचे काम असते, आणि त्या कामाचाच त्याला पगार मिळतो. शेजारच्या टेबलावर दुसरे कोणी, तुमच्याशी गोडीगुलाबीने वागणारे बसले असते, तर तुम्ही हे देयक पाहताच खुर्ची मागे सरकवून ‘अहो, हे बघा, दोनदा पडलंय’ असे म्हणाला असता. तेव्हा येथे गप्प बसणे म्हणजे एरवी आपोआप घडली असती ती गोष्ट मुद्दाम रोखून धरणे आहे. त्याला देवाचा न्याय म्हणणे तर फारच धाडसाचे आहे. त्या न्यायाची तारीख तुम्ही ठरवली आहे आणि साधनही तुम्हीच निवडले आहे.

तुमच्या प्रसंगाला अगदी लागू पडणारे वचन पवित्र शास्त्रातील निर्गम ह्या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात, चौथ्या आणि पाचव्या ओवीत आहे. उपदेशात ते क्वचितच ऐकू येते. शत्रूचा बैल किंवा गाढव मोकाट सुटलेले दिसले तर ते त्याच्याकडे पोहोचते करावे. आपला द्वेष करणाऱ्याचे गाढव ओझ्याखाली बसलेले दिसले तर तसेच पुढे जाऊ नये, त्याच्या बरोबरीने हात लावून त्याला सोडवावे, असे ते नियमशास्त्र सांगते. ह्या आज्ञेत मनात काय वाटावे ह्याविषयी एक अक्षरही नाही. द्वेष मिटला पाहिजे, मन निवळले पाहिजे, समोरच्याने आधी क्षमा मागितली पाहिजे, अशी कोणतीही अट नाही. गाढव खाली बसले आहे आणि तुम्ही त्याच रस्त्याने चालला आहात, एवढे पुरे. तेथून निमूट निघून जाणारा माणूसही खोटे काही बोललेला नसतो, आणि तरीही आज्ञा नेमकी त्यालाच अडवते. शिवाय ओझ्याखालचे जनावर एकट्याने उठत नाही. एका बाजूने मालक आणि दुसऱ्या बाजूने तुम्ही, अशी दोघांनी एकाच ओझ्याला पाठ वाकवावी लागते. सात वर्षांत तुम्ही दोघे एकमेकांच्या इतके जवळ कधी उभे राहिला असाल असे मला वाटत नाही.

येशूने डोंगरावरील प्रवचनात ‘वैऱ्यांवर प्रीती करा’ असे सांगितले, तेव्हा तो ह्याच वाटेने पुढे गेला. ‘शेजाऱ्यावर प्रीती कर आणि वैऱ्याचा द्वेष कर’ हे लोकांनी ऐकलेले वाक्य तो आधी घेतो. त्यातला पहिला भाग लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे, दुसरा भाग नियमशास्त्रात कोठेही लिहिलेला नाही, तो माणसांनी आपल्या सोयीने जोडून घेतलेला होता. लूकच्या सहाव्या अध्यायात हीच आज्ञा फोड करून येते: जे तुमचा द्वेष करतात त्यांचे बरे करा, जे शाप देतात त्यांना आशीर्वाद द्या, जे तुमच्याशी वाईट वागतात त्यांच्यासाठी प्रार्थना करा. तीन क्रियापदे आहेत, आणि तिन्ही हाताने वा तोंडाने करायची आहेत. ते सहकारी तुम्हाला आवडले पाहिजेत असे कोणी म्हटलेले नाही, आणि ते आवडत नाहीत म्हणून स्वतःला कमी प्रतीचे ख्रिस्ती समजण्याचेही कारण नाही.

आता कदाचित तुमच्या मनात येईल, की चूक सांगितली म्हणजे तो माणूस शरमेने खाली मान घालील, आणि भुकेल्या वैऱ्याला जेवू घालण्याविषयी प्रेषित पौलाने रोमकरांस पत्रात म्हटल्याप्रमाणे त्याच्या डोक्यावर निखाऱ्यांची रास होईल. हे वचन सुडाची सभ्य पद्धत म्हणून वापरलेले मी अनेकदा ऐकले आहे. पौलाने ते नीतिसूत्रांच्या पंचविसाव्या अध्यायातून घेतले, पण तेथला शेवटचा तुकडा, म्हणजे परमेश्वर तुला प्रतिफळ देईल हा, त्याने उतरवून घेतला नाही. त्याच्या जागी वाइटाने जिंकले न जाता बऱ्याने वाइटाला जिंकण्याची आज्ञा ठेवली. सूड उगवू नका असे आदल्याच ओवीत बजावणारा माणूस लगेच सुडाची युक्ती शिकवील हे संभवत नाही. प्राचीन मंडळीतील थोर शिक्षक ऑगस्टीन याने ह्या निखाऱ्यांचा अर्थ पश्चात्तापाची पोळणारी वेदना असा लावला आहे, आणि मला तोच ग्राह्य वाटतो. ते सहकारी शरमले तर शरमोत. पण त्यांची शरम पाहण्यासाठी तेथे रेंगाळू नका.

तुमच्या पत्रातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली ओळ तुम्ही जाता जाता लिहिली आहे आणि ‘पण त्यात माझा काय दोष’ म्हणून लगेच मिटवून टाकली आहे. त्यांचा भाऊ वडिलांच्या अंत्यविधीला आला नाही, आणि मंडळीने त्याला तसे सांगितले होते. हे जसे ऐकले तसेच घडले असेल, तर ज्याला तुम्ही सात वर्षे ख्रिस्ताचा विरोधक समजत आला आहात, तो माणूस बहुधा त्या दिवशी दाराकडे डोळे लावून बसलेला एक थोरला किंवा धाकटा भाऊ आहे. दुपारच्या सुट्टीत नाटकी सुरात तो जी वाक्ये म्हणतो, ती त्याने कोठून ऐकली असतील ह्याचा विचार तुम्ही केला आहे का? टिंगल करण्यासाठी पवित्र शास्त्र पाठ करणारी माणसे थोडी असतात. भावाच्याच तोंडून, घरातल्या भांडणात, ती वाक्ये त्याच्या अंगावर फेकली गेली असण्याचा संभव आहे.

दोष तुमचा नाही हे खरे. पण पेत्राच्या पहिल्या पत्रात, ख्रिस्ती म्हणून दुःख सोसावे लागले तर लाज वाटू देऊ नये असे म्हणण्याच्या आदल्याच ओवीत, खुनी, चोर, दुष्कर्मी किंवा दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करणारा म्हणून कोणावरही दुःख येऊ नये असे बजावले आहे. ढवळाढवळ करणाऱ्याला पेत्राने खुन्याच्या आणि चोराच्या पंक्तीला बसवले, ह्याचे मला नेहमी आश्चर्य वाटते आणि समाधानही वाटते. आपल्याला होणारा प्रत्येक विरोध हा ख्रिस्ताला होणारा विरोध असतो असे नाही. काही वेळा तो आपल्यातल्या कोणाच्या तरी आडमुठेपणाचा हिशेब असतो, आणि तो चुकत्या टेबलावर मागितला जातो एवढेच. म्हणून कधी तो विषय निघाला तर त्या मंडळीची बाजू सावरू नका, वचने काढून समजावू नका, ‘सगळे ख्रिस्ती तसे नसतात’ हे वाक्य तर मुळीच उच्चारू नका. ‘तुमचा भाऊ त्या दिवशी यायला हवा होता’ एवढे म्हणा, आणि मग त्यांना बोलू द्या, त्यात तुमच्या विश्वासाविषयी चार कडू शब्द आले तरी.

ह्यामुळे गेल्या वर्षीची खोटी तक्रार खरी ठरत नाही. तिच्याविषयी पुढे लिहितो. त्याआधी त्या वडीलधाऱ्या गृहस्थांच्या ‘सैतानाची हस्तके’ ह्या शब्दांकडे वळतो. इफिसकरांस पत्रात आपले झगडणे रक्तमांसाबरोबर नाही असे स्पष्ट म्हटले आहे, आणि तुमचा सहकारी रक्तमांसाचाच आहे. ‘सैताना, माझ्यामागे हो’ हे शब्द येशूने कोणा माणसाला म्हटल्याचे मिळते तर ते पेत्राला, म्हणजे आपल्याच शिष्याला. हे मी त्या गृहस्थांना आदरपूर्वक आठवून देईन. येशू विरोधकांशी कठोर बोलला नाही असे मी म्हणत नाही. मत्तयचा तेविसावा अध्याय शास्त्री आणि परूशी ह्या त्या काळच्या धर्मपुढाऱ्यांवरच्या घणाघाताने भरला आहे. पण तो अध्याय संपताना तोच येशू, कोंबडी पिलांना पंखांखाली घेते तसे तुम्हाला घ्यायची माझी किती इच्छा होती, म्हणून यरुशलेमेसाठी हळहळतो. ज्याला ती हळहळ साधत नाही, त्याने त्या कठोर शब्दांची उसनवारी करू नये.

पायांची धूळ झटकणे ही आज्ञा ज्या गावात संदेश स्वीकारला जात नाही तेथून निघून जाण्यासाठी आहे. लूकच्या नवव्या अध्यायात ती येते, आणि त्याच अध्यायात पुढे एक शोमरोनी गाव (यहूदी आणि शोमरोनी यांचे जुने वैर होते) येशूला उतरू देत नाही, तेव्हा याकोब आणि योहान हे त्याचे शिष्य आकाशातून अग्नी पाडण्याची परवानगी मागतात. येशू त्या दोघांना धमकावतो आणि सगळे दुसऱ्या गावी जातात. लगेच दहाव्या अध्यायात जखमी वाटसरूची शुश्रूषा करणारा माणूस शोमरोनीच निघतो. मला ह्याहूनही महत्त्वाचे वाटते ते प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात आहे: शोमरोनातील लोकांनी वचन स्वीकारल्याचे कळल्यावर यरुशलेमेहून पेत्राबरोबर ज्याला पाठवले जाते तो योहानच असतो, आणि परतताना ते दोघे शोमरोनी लोकांच्या अनेक गावांतून सुवार्ता सांगत जातात. आग मागितली होती ते गाव त्यांत होते की नाही, हे लूकने लिहिलेले नाही. ती आग त्या वेळी मिळाली असती, तर त्या वाटेवर राखच उरली असती.

आता तक्रारीचा प्रश्न. दुसरा गाल पुढे करणे म्हणजे खोट्याला खोटे न म्हणणे, हा अर्थ त्या आज्ञेत घालता येत नाही, कारण ज्याने ती दिली तो स्वतः तसा वागला नाही. योहानच्या अठराव्या अध्यायात महायाजकापुढे एका शिपायाने येशूला चपराक मारली, तेव्हा येशूने उलट हात उचलला नाही, पण तो गप्पही राहिला नाही. मी वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर, बरे बोललो असेन तर मला का मारतोस, असे त्याने विचारले. आणि ज्या दोन गोष्टी तुम्हाला परस्परविरोधी वाटत आहेत, म्हणजे विरोधकाला वाचवणे आणि अन्यायाचा जाब मागणे, त्या दोन्ही फिलिप्पै येथे पौलाच्या हातून एका रात्रीच्या अंतराने घडल्या आहेत. पौल आणि सिलास यांना चौकशीवाचून भर चौकात छड्यांनी मारले आणि पाय खोड्यात अडकवून कोंडले. मध्यरात्री भूकंप होऊन दरवाजे उघडले, कैदी पळाले असे समजून तुरुंगाधिकाऱ्याने तलवार उपसून स्वतःवर धरली, तेव्हा पौल मोठ्याने ओरडला, की स्वतःला इजा करून घेऊ नकोस, आम्ही सगळे येथेच आहोत. गप्प राहिला असता तर पौलही ‘खोटे काही बोललो नाही’ असे म्हणू शकला असता. सकाळी अधिकाऱ्यांनी त्यांना सोडून द्यावे असा निरोप धाडला, तेव्हा हाच पौल हटून बसला: आम्ही रोमी नागरिक असता आम्हाला उघडपणे मारले आणि आता गुपचूप घालवता काय, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर काढावे. अधिकारी आले आणि त्यांनी विनवणी केली. पुढे ह्याच पौलाने कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दादही मागितली.

म्हणून तक्रारीची मुभा तुम्हाला आहे. गेल्या वर्षीचा आरोप चौकशीत टिकला नाही, ही गोष्ट लेखी नोंदवून द्यावी असा अर्ज तुम्ही वरिष्ठांकडे करू शकता, आणि सुट्टीतली टिंगल थांबत नसेल तर तिच्याविषयीही लिहू शकता. अर्जात काय घडले, कधी घडले आणि कोणासमोर घडले एवढेच असावे. त्या माणसाच्या स्वभावाविषयी, हेतूंविषयी आणि भावाविषयी एक शब्दही नसावा. मात्र हा अर्ज आणि ती दुहेरी नोंद ह्यांची गाठ कोणत्याही रीतीने पडू देऊ नका. ‘मी तुमची चूक झाकली, आता तुम्ही तक्रार मागे घ्या’ असे सूचित करणारी नजरसुद्धा नको, कारण मग ते गाढव उठवणे राहत नाही, गाढवाच्या बदल्यात काही मागणे होते. लेखापरीक्षण संपून आठवडा उलटल्यावर अर्जाचा विचार करावा. कदाचित तोपर्यंत त्याची गरज वाटणार नाही. वाटली तर संकोच न करता द्यावा. (तुमच्या पत्रात मारहाण किंवा धमकी नाही म्हणून त्याविषयी विस्ताराने लिहीत नाही; पण तसे असते तर मी सहन करा असे म्हटले नसते. एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी पळा हीसुद्धा येशूचीच आज्ञा आहे, आणि दिमिष्क शहरात जिवावर बेतले तेव्हा पौल पाटीत बसून तटावरून उतरला होता.)

प्रार्थनेविषयी तुम्ही काही विचारलेले नाही, तरी लिहितो. दिदाखे ह्या अतिशय जुन्या ख्रिस्ती शिकवणुकीच्या पुस्तिकेत पहिल्याच अध्यायात, वैऱ्यांसाठी प्रार्थना करा आणि छळ करणाऱ्यांसाठी उपास करा, असे सांगितले आहे. माझा स्वतःचा अनुभव ह्या बाबतीत सांगण्यासारखा नाही. माझ्या प्रार्थनेच्या वहीत एका माणसाचे नाव मी कित्येक वर्षे लिहीत होतो आणि नावापुढे ‘सद्बुद्धी मिळावी’ असे मोठ्या धार्मिकपणाने टिपत होतो. एके दिवशी वही चाळताना लक्षात आले, की आजारी माणसांच्या नावापुढे मी त्यांच्या दुखण्याचे नाव लिहितो, मुलांच्या नावापुढे त्यांच्या परीक्षा लिहितो, आणि ह्या एकाच माणसासाठी त्याला स्वतःला हवे असलेले काहीही मी कधी मागितलेले नाही. माझ्या वहीत ‘सद्बुद्धी’ ह्या शब्दाचा अर्थ ‘त्याने माझ्यासारखे व्हावे’ असा होता. तुमच्या सहकाऱ्यासाठी प्रार्थना कराल तेव्हा हा शब्द टाळा. हे लेखापरीक्षण त्यांना सुखरूप पार पडावे, असे मागा. आणि मनात राग आहे तो दडपू नका. एकशे नववे स्तोत्र वाचून पाहा. त्यात विरोधकाविषयी जे काही म्हटले आहे ते आपण चारचौघांत म्हणू शकणार नाही, पण ते देवापुढे म्हटलेले आहे, आणि माझ्या समजुतीने असा राग ठेवण्याची ती एकच सुरक्षित जागा आहे.

शेवटी एक गोष्ट स्पष्ट करतो, म्हणजे पुढे निराशा होणार नाही. चूक सांगितल्याने तो माणूस बदलेल असे आश्वासन मी देत नाही. १५६९ साली नेदरलँड्समध्ये डिर्क विलेम्स नावाचा एक माणूस, मोठेपणी पुन्हा बाप्तिस्मा घेतल्याच्या आणि तसे बाप्तिस्मे आपल्या घरात होऊ दिल्याच्या आरोपावरून पकडला गेला होता. तो कैदेतून निसटून पळाला. पाठलाग करणारा शिपाई गोठलेल्या पाण्यावरचा पातळ बर्फ फुटून बुडू लागला, तेव्हा विलेम्स मागे फिरला आणि त्याने त्याला ओढून वर काढले. त्या शिपायाला त्याला सोडून द्यावेसे वाटले होते, पण काठावरून नगराधिकाऱ्याने त्याला शपथेची आठवण करून दिली, आणि विलेम्स पुन्हा पकडला जाऊन त्याच वर्षी जाळला गेला. जाळणारेही ख्रिस्ती होते, हे विसरून ही गोष्ट सांगू नये. विलेम्स मागे फिरला तो काही फायदा दिसला म्हणून नव्हे. पाण्यात माणूस बुडत होता. तुमचे सहकारी आभार मानतील, किंवा ‘माझ्या नोंदी तपासायला तुम्हाला कोणी सांगितले’ असे खेकसतील, किंवा पुढच्या सुट्टीत ह्याचीही नक्कल करतील. तिन्ही शक्यता धरून चला.

जाताना बरोबर एक कागद न्या. त्यावर देयकाचा क्रमांक, रक्कम आणि दोन्ही नोंदींच्या तारखा लिहा, म्हणजे बोलायला फारसे शब्द लागणार नाहीत. ‘हे देयक दोनदा पडलेले दिसते आहे, लेखापरीक्षणाआधी दुरुस्तीची नोंद करून घेता येईल’ इतके म्हणा. वरिष्ठांना कळवणे तुमच्या विभागाच्या नियमात असेल, तर तेही त्यांना तेथेच सांगा आणि ते त्यांनीच कळवावे अशी संधी द्या. येशूचे नाव काढू नका, वचन म्हणू नका; पुढे कधी त्यांनी विचारलेच, की तुम्ही हे मला का सांगितले, तर तेव्हा सौम्यतेने उत्तर द्या. तो कागद त्यांच्याकडेच राहू द्या, त्याची प्रत स्वतःजवळ ठेवू नका, आणि आपल्या टेबलावर परत येऊन राहिलेला ताळमेळ पुरा करा.